मुखबिराची रिकामी जागा

“वाजव,” टीआई म्हणाला.

त्याच्यापुढे पोह्यांची प्लेट. वर शेव, कांदा, लिंबाची फोड. मी टेबलासमोर उभा. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, हातात ट्रम्पेट. मे महिन्याची दुपार. सियागंजामागच्या बँडच्या दुकानातून दोन शिपाई मला तसाच उचलून घेऊन आले होते. तासाभरात बारात निघायची होती. मला वाटलं, कुणाचं तरी पाकीट गेलं असेल. पाकीट गेलं की आधी बँडवाल्यांकडेच बघतात ना.

“वाजव ना. लाजतोस काय? रस्त्यावर वाजवतोस, ठाण्यात वाजवायला काय झालं?”

मराठीत बोलत होता. इंदूरच्या ठाण्याचा मोठा साहेब, ज्याला आम्ही टीआई म्हणतो, तो माझ्याशी मराठीत बोलतोय म्हणून मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, आपला माणूस आहे. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी वाजवलं. ओठ चिकटलेले, सूर फाटत होता. एक शिपाई खुर्च्यांमधून नाचायला लागला. त्याने दहाची नोट काढली, टीआईच्या डोक्यावरून ओवाळली आणि माझ्या पायाशी टाकली.

“उचल भिया, न्योछावर है।”

मी वाकलो. उचलली. नोट मुठीत धरून उभा राहिलो. सगळं ठाणं हसलं. टीआईने शेवेचा घास चावत माझ्याकडे पाहिलं, अगदी प्रेमाने.

“तुझे आजे-पणजे आमच्या दारासमोर हलगी वाजवायचे,” तो म्हणाला. “माझे आजोबा होळकरांच्या दरबारात होते. तुमचं-आमचं जुनं नातं आहे रे.”

नातं! माझे पूर्वजही होळकरांच्या फौजेबरोबरच इकडे आले. फौजेच्या पुढे हलगी वाजवत, चालत. आम्ही मांग. याचे आजोबा दरबारात आत होते तेव्हा माझे बाहेर उन्हात होते, एवढंच ते नातं. पण तेव्हा हे तोंडातून निघालं नाही. मी नुसता “जी साहेब” म्हणालो.

मग त्याने शिपायांना बाहेर पाठवलं आणि कामाचं काढलं.

“हे बघ. बायपासवरच्या लग्नाच्या गार्डनमध्ये, फार्महाऊसवर, सगळीकडे तुम्ही जाता. बँडवाल्याला कोण बघतं? लोक तुमचा कोट बघतात, तोंड कुणाला आठवत नाही. नशेची पावडर कोण विकतो, कोण ओढतो, तुला सगळं दिसत असणार. मला सांगत जा. मुखबिर हो माझा.”

मुखबिर म्हणजे खबऱ्या. पोलिसांचा गुपचूप कान.

मी भोळा. खरंच भोळा. मला वाटलं, याला पावडर बंद करायची आहे. आमच्या वस्तीत दोन पोरं त्या पावडरीने वाया गेलेली मी पाहिली होती. म्हटलं, सांगतो की. मागच्याच आठवड्यात एका लग्नात नवरदेवाचा चुलतभाऊ गाडीच्या मागच्या सीटवर पुड्या वाटत होता. मोठ्या बिल्डरचा पोरगा. मी नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला.

टीआईचा चमचा हवेतच राहिला.

“हे मी विचारलं का तुला?” आवाज एकदम खाली आला. “वस्तीतलं नाव सांग. तुमच्यातलं. महिन्याला एक दिलंस तरी चालेल.”

“वस्तीत विकणारं कोणी नाही साहेब. ओढून मरणारे आहेत.”

“मग विकणारा करू. तू फक्त बोट दाखव.”

मला कळायला वेळ लागला.  याला पावडर नको होती. याला माणूस पाहिजे होता, ज्याच्यासाठी कोर्टात मोठा वकील उभा राहणार नाही असा.

“मला नाही जमणार साहेब. मी वाजवणारा माणूस आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा साहेबाला नाही म्हणालो. मोठ्याने नाही. मान खाली घालूनच. पण म्हणालो.

“विचार कर,” तो म्हणाला. “मुखबिर नाही तर मुलजिम. तिसरी खुर्ची नाही माझ्याकडे.”

पंधरवड्याने त्यांनी मला मुलजिम केलं, म्हणजे आरोपी. भर दुपारी, सियागंजामागच्या गल्लीत. मी दुकानातून बाहेर पडलो, पुन्हा तोच कोट, तेच ट्रम्पेट. जीप थांबली. आत ढकललं. ठाण्यात टेबलावर पावडरची पुडी आधीच होती. दोन पंच आधीच होते, एक ठाण्यासमोरचा पानवाला, एक ऑटोवाला. कागद आधीच लिहिलेला होता. विश्वसनीय मुखबिराने खबर दिली, की बँडच्या ड्रेसमधला एक इसम सियागंजात एमडी पावडर घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघतोय. खबरीवरून छापा टाकला. कोटाच्या उजव्या खिशातून पुडी निघाली. सही कर.

नाही केली. मग ज्या पद्धतीने करवून घेतात, त्या पद्धतीने करवून घेतली. ते मी लिहीत नाही. लिहिलं तर आईही वाचून घेईल कुणाकडून तरी.

संध्याकाळी बँडचा सेठ आला. मला वाटलं, सोडवायला आला. तो कोट न्यायला आला होता! दुसऱ्या दिवशी सीझनचं मोठं काम होतं आणि त्याला एक ड्रेस कमी पडत होता. पोलिसांनी पुडी सील केली, कोट सेठला देऊन टाकला. बिनकामाचा कपडा म्हणून. माझ्या अंगातून कोट काढला, पँट काढली. मी बनियन-चड्डीवर ठाण्याच्या फरशीवर बसलो. सेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, “टोपी भी दे दे।”

आता त्या खिशाचं सांगतो.

आमच्या बँडच्या कोटाला खिसे दिसतात, पण ते नसतात. म्हणजे वर झाकण असतं, सोनेरी बटण असतं, आणि खाली पक्के टाके. पँटचंही तेच. नवे ड्रेस शिवून आले की सेठ पहिलं काम हेच करतो, खिशांची तोंडं मशीनने बंद करवतो. बाराती नवरदेवावरून नोटा ओवाळून उडवतात, त्या वाजवणाऱ्याने उचलून खिशात घालू नयेत म्हणून. नोटा गोळा करायला सेठचा माणूस वेगळा असतो, टोपली घेऊन. आम्ही मोबाईल बनियनमध्ये ठेवतो, विडी-काडी मोज्यात. लहानपणापासून माझे वडील तसाच कोट घालून जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, “फॅशन आहे ती.” मेले तरी खरं सांगितलं नाही त्यांनी. लाज वाटत असणार.

ज्या पोलिसांनी कागद लिहिला त्यांनी जन्मात कधी बँडवाल्याकडे नीट पाहिलं नव्हतं. टीआईने मला कोटासकट समोर उभं करून वाजवायला लावलं, तरी नाही पाहिलं. खिसा दिसला, लिहून टाकला.

कोर्टात मला सरकारकडून वकील मिळाला. भला माणूस असेल, पण त्याच्या हातात एका वेळी वीस फायली. मी सांगायला गेलो, “वकीलसाहेब, त्या कोटाचे खिसे...”

“ए, खिसे-बिसे सोड. जजने विचारलं तर एवढंच बोल, झूठा फँसाया है. जास्त बोललास तर अडकशील.”

आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आई मागच्या बाकावर बसलेली. भरल्या कोर्टात उभं राहून कसं सांगायचं, की माझा मालक मला चोर समजतो, माझ्या बापालाही समजत होता, म्हणून आमचे खिसे शिवून टाकतो? ते बोलायचं म्हणजे कपडे पुन्हा एकदा काढण्यासारखं होतं. मी गप्प बसलो. एवढंच बोललो, झूठा फँसाया है. जजसाहेबांनी मान वर न करता लिहून घेतलं. दिवसभर तेच ऐकत असतील.

पानवाला आणि ऑटोवाला दोघेही उलटले. म्हणाले, आम्ही काही पाहिलं नाही, पोलिसांनी सही घेतली. मला वाटलं, सुटलो! वकील म्हणाला, पंच उलटले तरी पोलिसांच्या शब्दावर सजा होते. माझ्या वकिलाने टीआईला एकच चांगला प्रश्न विचारला.

“तुमचा हा मुखबिर कोण?”

“गोपनीय है।”

सरकारी वकील उठला. कायदा आहे म्हणाला, मुखबिराचं नाव विचारता येत नाही. जजसाहेब म्हणाले, प्रश्न नामंजूर.

मी कठड्यात उभा.  अरे, तो मुखबिर कोण ते मला विचारा ना! तो नव्हताच. ती जागा मला देऊ केली होती. मी नको म्हणालो म्हणून ती रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेने माझ्याकडे बोट दाखवलं. ज्याला आई-बाप नाही, घर नाही, तोंड नाही, त्याचा शब्द खरा. माझा खोटा.

दहा वर्षं सश्रम.

जेलबद्दल लोक विचारतात. काय सांगू भिया. पहिला पावसाळा संपेपर्यंत बायको मुलाखतीला, म्हणजे भेटायला, यायची. मग ती मुलीला घेऊन माहेरी बुऱ्हाणपूरला गेली ती गेलीच. मी तिला दोष देत नाही. शाळेत मुलीला पोरं पावडरवाल्याची पोरगी म्हणायची. आई मात्र येत राहिली. जाळीच्या पलीकडून ओरडून बोलावं लागतं, तिचा आवाज चढायचा नाही. मग ती नुसती बघत बसायची. आत मला कळलं की माझ्यासारखे भरपूर आहेत. सगळ्यांच्या कागदात तोच विश्वसनीय मुखबिर. शहरात कुठेही कोण उभं आहे, काय घालून उभं आहे, हे त्या बिचाऱ्याला घरबसल्या दिसतं!

चार वर्षांनी हायकोर्टाने अपील चालू असेपर्यंत सजा थांबवली, जामिनावर सोडलं. अपील म्हणजे वरच्या कोर्टाने सगळं पुन्हा तपासायचं. या वेळी वकील मॅडम होत्या, पुण्याहून लग्न होऊन इंदूरला आलेल्या. त्यांचं मराठी पुस्तकासारखं. माझ्या हिंदी-मराठी खिचडीला आधी हसल्या, पण फाइल मात्र त्यांनी ओळ न् ओळ वाचली. एका दिवशी म्हणाल्या, “कोटाच्या उजव्या खिशातून, असं लिहिलंय. कोट जप्त का केला नाही? कसा होता तो?”

बोलू की नको, बोलू की नको.  मग बोललो. टाके, नोटा, टोपली, बापाची फॅशन, सगळं. मान खाली घालून बोललो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलं नाहीत?”

“लाज वाटते मॅडम.”

“तुम्हाला का? शिवले त्यांना वाटू दे की!”

एवढंच म्हणाल्या. पण मी त्यांच्या ऑफिसातून निघालो आणि राजवाड्यापर्यंत चालत गेलो, रिक्षा न करता. डोक्यात घण पडत होते. बरोबर बोलली बाई. चोर म्हणणाऱ्याने लाजायचं सोडून मी का लाजतोय? माझा बाप का लाजला? चार वर्षं मी जेलमध्ये काढली ती पोलिसांमुळे, सेठमुळे, आणि या लाजेमुळे. ही लाज मला कुणी शिकवली? ज्याच्या सोयीची होती त्यानेच. त्या दिवसापासून मी मान खाली घालून बोलायचं सोडलं. सोपं नाही. मानेला सवय असते.

मॅडम म्हणाल्या, तुमच्या एकट्याच्या शब्दाला वजन नाही, कुणीतरी शपथेवर सांगायला पाहिजे. सेठकडे गेलो. सेठने हात झटकले. “मैं कोर्ट में बोलूँ कि मेरे बैंड में चोर हैं? धंधा बैठ जाएगा मेरा।” जुने कोट कधीच फेकले म्हणाला. मग दिलीपकडे गेलो. दिलीप आमच्या बँडमध्ये ताशा वाजवतो, माझ्या घराच्या मागच्याच ओळीत राहतो, दोन मुलींचा बाप. तो एका शब्दात हो म्हणाला. “मी सांगतो ना. माझेही शिवलेले आहेत.”

मला वाटलं, आता सुटलो. दुसऱ्यांदा वाटलं.

ठाण्यापर्यंत बातमी कशी गेली देव जाणे. सेठनेच सांगितलं असेल. टीआईची बढती झाली होती, पण शहरातच होता. त्याने मला सराफ्यात बोलावलं, सकाळी, सोन्याची दुकानं उघडत होती तेव्हा. साध्या कपड्यात होता. बायकोच्या बांगड्या दुरुस्तीला टाकायला आला होता. मला बघून हसला.

“बारीक झालास रे.”

मी दुकानाच्या पायरीखालीच उभा राहिलो.

“दिलीप म्हणून कोणी आहे तुमच्यात. पावडर विकतो म्हणे.”

“नाही विकत.”

“तू म्हणशील तर विकतो. त्याचं नाव दे, एक सही कर, मुखबिर म्हणून तुझं नाव कधी बाहेर येणार नाही. कायदाच आहे तसा.” मग जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. “नाहीतर दुसरी केस लागायला किती वेळ लागतो? तू जामिनावर आहेस. दुसरी केस, की जामीन गेला. उरलेली सहा वर्षं आत. तुझी आई तेवढी टिकेल का?”

कारागिराने त्याला पावती दिली. त्याने नीट घडी घालून ठेवली आणि गेला.

मी घरी आलो. आईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

“दे नाव,” ती म्हणाली.

“आई!”

“दे म्हणते ना. दिलीपला तीन भाऊ आहेत. त्याची बायको कामाची आहे. मला कोण आहे? मी पुन्हा त्या जाळीपाशी नाही उभी राहणार. मी मरेन रे. तुझ्या पाया पडते.”

आणि ती खरंच वाकली. पिठाचे हात माझ्या पायांवर. ज्या बाईने माझ्यासाठी चार वर्षं चार घरची भांडी घासली ती माझ्या पाया पडत होती, आणि मी तिला नाही म्हणणार होतो. माझ्या आयुष्यात टीआईने, सेठने, कोर्टाने जेवढं म्हणून केलं ते सगळं एकीकडे. तो एक क्षण एकीकडे. मी तिला उठवलं. दोघं रडलो. भाकरी तव्यावर जळून गेली.

पण नाही म्हणालो.

काय कारण? लोक म्हणतात, मोठं मन. काही मोठं मन नाही. मला दिसत होतं पुढचं. दिलीप कठड्यात उभा. त्याचा वकील विचारतोय, मुखबिर कोण. टीआई म्हणतोय, गोपनीय आहे. आणि या वेळी ती जागा रिकामी नाही. तिथे मी बसलोय. कायद्याच्या आड, आरामात. मग माझ्यात आणि टीआईत काय फरक राहिला? मग पुढच्या महिन्यात दुसरं नाव. त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरं.

मी सरळ दिलीपच्या दारात गेलो आणि सांगून टाकलं. टीआई तुझं नाव मागतोय. मी देणार नाही, पण दुसरा कोणी देईल. सांभाळून राहा.

 दिलीपची बायको दारात येऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दिलीप म्हणाला, “भाऊ, माफ कर. मी नाही देऊ शकत शपथपत्र. पोरी आहेत मला.”

“ठीक आहे,” मी म्हणालो.

ठीक काय होतं? डोंबल. माझा एकुलता एक साक्षीदार गेला, आणि मीच घालवला. पण राग नाही आला त्याचा. मलाही मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. म्हटलं, लिहा. टीआईने पहिल्या दिवशी मला मुखबिर व्हायला सांगितलं, मी नाही म्हणालो, मग मला अडकवलं. आता सराफ्यात पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही म्हणालो. खिशांचंही लिहा. सगळं माझ्या शपथेवर, हायकोर्टात.

मॅडमनी फाइल मिटली.

“साक्षीदार नाही, पुरावा नाही. सरकारी वकील म्हणेल, सजा झालेला माणूस पोलिसांवर चिखल उडवतोय. आणि हे दाखल झाल्यावर ते तुम्हाला सोडतील असं वाटतं?”

“नाही वाटत.”

“अपील बुडू शकतं तुमचं.”

“बुडू दे. ते लपून बोलतात. मी नाव सांगून बोलणार.”

त्यांनी लिहिलं. मी प्रत्येक पान वाचून सही केली. या वेळी कुणी करवून घेतली नाही. टीआईचं नाव, हुद्दा, ठाणं, सगळं त्यात आहे. शपथपत्र दाखल झालंय. तारीख लागलेली नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, उठून जाते. तिचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असून एका खोलीत राहायचं, हे जेलपेक्षा जड आहे.

काल वस्तीच्या तोंडाशी जीप दोनदा येऊन गेली. मी घरातच होतो, दार उघडं ठेवून. आत काय नेऊ देतात, काय काढून घेतात, मला आता तोंडपाठ आहे. दोन बनियन, पातळ चादर, साबण, आईचा एक फोटो. पिशवी मीच भरली आणि दाराशी ठेवली. पळून जाणार नाही. सेटिंग करणार नाही. उद्या उचलतील, टेबलावर नवीन पुडी असेल, नवीन पंच असतील, नवीन कागद असेल. उरलेली सहा वर्षं घ्यायची तर घ्या. पण माझ्या तोंडून दिलीपचं नाव निघणार नाही. कुणाचंच निघणार नाही. या वस्तीतून त्यांना मुखबिर पाहिजे असेल तर त्यांनी दुसरं दार ठोकावं, आणि त्या दारात जाऊन मी आधीच सावध केलेलं असेल.